धनश्रीचं पूर्ण नाव

“मॅडम, तुमची वेबसाईट मी रोज बघतो,” तो माणूस म्हणाला, आणि मी त्याला हेडमास्तरांच्या खुर्चीत बसवलं.

हेडमास्तर बिराजदार सर त्या दिवशी केंद्रशाळेत बैठकीला गेले होते. आमची धोंडेमळ्याची शाळा दोनशिक्षकी. चार वर्ग, अडतीस मुलं, दोन खोल्या आणि मागे पत्र्याची स्वयंपाकखोली. सर नसले की पहिली-दुसरीची पोरंही माझ्याच खोलीत येऊन बसायची. पाहुणा आलेला पाहून मी सगळ्यांना पाढे म्हणायला लावले, चौथीतल्या धनश्रीला फळ्यापाशी उभं केलं आणि ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे दुसऱ्या खोलीचा एक कोपरा, कपाट आडवं लावून केलेला.

माणूस पस्तिशीचा असेल. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी, खांद्याला मोठी कापडी पिशवी. पुण्याला टेम्पो चालवतो म्हणाला. नावही काहीतरी सांगितलं होतं, पण ते मी तेव्हाच विसरले, कारण तो आमच्या वेबसाईटबद्दल काय बोलतोय याकडेच माझे कान लागले होते. पंधरा ऑगस्टचे फोटो त्याला पाठ होते. रोजचा फळा, गृहपाठ, बुधवारचा वाचनाचा तास, परसबागेतली वांगी, सगळं त्याने बघितलेलं होतं. पिशवीतून त्याने डझनभर वह्या काढून टेबलावर ठेवल्या. गरिबाची भेट समजा, म्हणाला. वह्या काढल्या तरी पिशवी जडच दिसत होती. मला वाटलं, अजून काही असेल पोरांसाठी.

“खेड्यातल्या शाळेत असं काम कोण करतं हो मॅडम? पुण्यात पण न्हाई.”

मी त्याला माठातलं गार पाणी दिलं. मला फार बरं वाटत होतं.

ही गोष्ट दोन हजार चौदा सालची. लोकवर्गणीतून शाळेला एक लॅपटॉप मिळाला होता आणि माझ्या भाच्याने आदल्या दिवाळीच्या सुट्टीत येऊन वर्गाची वेबसाईट करून दिली होती, फुकटातली. इंटरनेटचं डोंगल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलं तरच चालायचं. रोज शाळा सुटताना मी फळ्याचा फोटो, गृहपाठ आणि एखाद्या मुलाचं लेखन तिथे टाकायचे. बिराजदार सर हसायचे, म्हणायचे, बाई, तुमच्या वांग्यांचे फोटो बघायला कोण रिकामं बसलंय? पण लोक बघायचे. मळ्यातले निम्मे बाप ट्रकवर, नाहीतर पुण्या-मुंबईला कामाला. त्यातल्या एकाने गुजरातेतल्या धाब्यावरून फोन करून पोराला दटावलं होतं की तुझा सात आणि एक सारखाच दिसतोय. ज्या पोराचं अक्षर बाप फोनवर बघतो, ते पोर महिन्याभरात ओळीत लिहायला लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तापाने घरी बसलेली मुलं गृहपाठ करून शाळेत यायची. आया वाटेत थांबवून, आज वर्गात काय झालं ते मलाच सांगायच्या. हे फायदे खरे होते, त्यात तिळमात्र खोट नाही.

फक्त माझं तेवढ्यावर समाधान नव्हतं. वेबसाईटच्या तळाशी आकडा असायचा, आजचे पाहुणे किती. रोज सात, आठ, फार तर बारा. सकाळी दूध तापत ठेवायच्या आधी मी आदल्या दिवशीचा आकडा बघायचे. तालुक्यातल्या दुसऱ्या एका मास्तरांकडे रोज पन्नास पाहुणे यायचे आणि त्यांना सगळ्यांसमोर शाल-नारळ मिळाला होता. ते माझ्या पोटात दुखत होतं.

शालन आमच्याकडे आदल्या वर्षी आली होती. मळ्यात तिची मावशी राहायची, तिच्या आसऱ्याने पोरीला घेऊन एका बोचक्यानिशी आली. पोषण आहार शिजवायचं काम तिला बिराजदार सरांनी लावून दिलं. पोरीचं नाव घालायला आली तेव्हा तिचा डावा हात कोपरात वळत नव्हता. मी विचारलं, तर पोरीला बाहेर पाठवून तिने सांगितलं. नवऱ्याने वरवंट्याने मोडला होता. त्याच्या आधी एकदा विहिरीत ढकललं होतं. तो शोधत येईल, आला तर मला मारेल आणि पोरीला घेऊन जाईल, असं ती अगदी शांतपणे म्हणाली. ही गोष्ट मावशी, सर आणि मी, तिघांनाच माहीत होती.

मग तिने हात जोडले. “बाई, पोरीच्या नावात बापाचं नाव नगं. माझं लावा.”

“मनाला येईल तसं नाव लावता येत नाही,” मी म्हणाले. “दाखल्यावर आहे तेच रजिस्टरला येणार. शासनाचं रजिस्टर आहे ते, तुझ्या घरची भिंत नाही.”

अगदी याच आवाजात म्हणाले. माझं आडनाव क्षीरसागर, आणि सर म्हणायचे की बाईंकडचं सगळं दूध आडनावातच संपलं. रजिस्टरला नाव चढलं, धनश्री उत्तरेश्वर थिटे. शालन वाद घालणारी बाई नव्हती. उठताना एवढंच म्हणाली, की मग ते नाव कपाटातच राहू द्या.

धनश्री हुशार निघाली. लॅपटॉपवर मराठी टाईप करायला ती माझ्याआधी शिकली. मी सांगायचे आणि ती टाकायची, असं आमचं चालायचं. सप्टेंबरात मी ‘आठवड्याचा निबंध’ असं नवं सदर काढलं. मुलाचा फोटो, निबंध आणि खाली नाव. पहिला निबंध धनश्रीचाच निवडला, ‘आमची शाळा’. त्यात तिने लिहिलं होतं की माझी आई शाळेत खिचडी करते, म्हणून मला आई दिवसभर भेटते. फोटोत ती सगळे दात दाखवून हसत होती. नावापाशी आल्यावर तिची बोटं थांबली.

“बाई, नुसतं धनश्री लिहू?”

“का? परीक्षेत नुसतं धनश्री लिहितेस का?”

“आई नको म्हणते पूर्ण नाव.”

“ही शाळेची वेबसाईट आहे. तालुक्याचे साहेब बघणार. अर्धवट नाव बरं दिसतं का? लिही पूर्ण.”

तिने लिहिलं. शालन तेव्हा माझ्या मनात आली नाही असं नाही. आली होती. पण तो कुठे तिकडे बालाघाटाच्या डोंगरापलीकडचा माणूस, तो कशाला आमच्या मळ्याची वेबसाईट उघडतोय, असं म्हणून मी तिला बाजूला सारलं आणि जेवणाची घंटा द्यायला गेले.

चार-पाच दिवसांत पाहुण्यांचा आकडा वाढला. तीस. एकेचाळीस. एका रविवारी बासष्ट. मी तालुक्याहून पेढे आणले आणि शाळेत वाटले. सरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, आता आम्हाला तुमच्या भेटीला चिठ्ठी पाठवावी लागणार. मी तालुक्याच्या शिक्षक पुरस्काराचा अर्ज भरला. शालनच्या हातावरही पेढा ठेवला आणि तुझ्या पोरीने शाळेचं नाव काढलं असं सांगितलं. शालनला वाचता येत नव्हतं, तिचा फोन साधा बटणांचा होता. निबंधाचं तिला काही दाखवलं नव्हतं. तिने पेढा अर्धा खाल्ला आणि अर्धा पोरीसाठी पदरात बांधला.

तर तो पाहुणा. मी चहाचं विचारणार तेवढ्यात त्यानेच विचारलं.

“आणि खिचडी कोण करतं मॅडम? फोटोत लई भारी दिसती.”

“आमची शालन करते. चव आहे तिच्या हाताला.”

“बघू का जरा? स्वयंपाकाची जागा पण झक्क असंल तुमची.”

हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे, असं म्हणतात. इथे तर मेंढी पुढे चालत होती आणि लांडग्याला वाट दाखवत होती. मी त्याला व्हरांड्यातून मागे नेलं. वाटेत परसबागही दाखवली. वर्गातून सातचा पाढा ऐकू येत होता. स्वयंपाकखोलीच्या दारात उभी राहून मी मोठ्या कौतुकाने हाक मारली की शालन, बघ कोण आलंय, थेट पुण्याहून.

शालन चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती वळली. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझ्यामागे पिशवी जमिनीवर पडली. मी वळून बघते तो त्याच्या हातात कोयता होता.

त्याने मला एका हाताने लोटलं. मी दाराच्या चौकटीवर आपटले. पहिला घाव शालनने डाव्या हातावर घेतला, आधीच मोडलेल्या त्या हातावर. दोन बोटं तुटून चुलीच्या राखेत पडली. मी ती बघितली, आणि ती बोटं आहेत हे समजायला मला क्षणभर वेळ लागला. दुसरा घाव तिच्या खांद्यात बसला आणि कोयता हाडात अडकला. तो उपसायला त्याला तिच्या छातीवर पाय रोवावा लागला. तो ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. सरपण फोडायला घ्यावं तसं एकेक करत होता.

मी मागून त्याच्या शर्टाला लटकले. त्याने कोपर मागे हाणलं. माझा पुढचा एक दात पडला, दुसरा अर्धा तुटला आणि तोंड रक्ताने भरलं. मी शर्ट सोडला नाही, शर्टच फाटला. तेवढ्यात शालनने पडल्या पडल्या पायाने चुलीवरचं पातेलं लाथाडलं. अडतीस पोरांची रटरटती खिचडी त्याच्या पायांवर आली, तिच्याही पायांवर आली. तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला. कोयता त्याच्या हातून सुटून पत्र्याच्या फटीत गेला.

आणि दारात धनश्री उभी होती.

आईचा आवाज ओळखून ती पळत आली होती. येताना वर्गाला बाहेरून कडी घालून आली होती, बारकी पोरं मागे येऊ नयेत म्हणून. नऊ वर्षांची पोरगी. मला तिच्या जागी ते सुचलं नसतं.

“धने,” तो म्हणाला. “चल बाळा. घरी जायचं.”

ती हलली नाही. त्याने तिची वेणी धरली, मनगटाला दोन वेढे दिले आणि तिला ओढत बाहेर निघाला. बाहेर बाभळीखाली त्याची मोटारसायकल होती. धनश्री ओरडत नव्हती, नुसत्या टाचा रोवत होती, आणि तिच्या टाचांच्या दोन रेघा मातीत उमटत होत्या. मी त्याच्या आडवी आले.

“पोर माझी हाय,” तो म्हणाला. पाय भाजल्यामुळे लंगडत होता, पण आवाज मघाचाच होता, पाहुण्याचा. “नाव माझं लावती ती. तुम्हीच लिवलंय मॅडम. म्या वाचलंय.”

ते मला तिथेच कळलं, त्याच क्षणी, पूर्ण. मी वळले, आत गेले, चुलीतलं पेटतं लाकूड उपसलं आणि मागून त्याच्या डोक्यात घातलं.

तो गुडघ्यांवर आला. वेणी सुटली. दुसरा फटका तोंडावर बसला, ठिणग्या उडाल्या, केस जळल्याचा वास आला. तो आडवा झाला आणि दोन्ही हात त्याने डोळ्यांवर घेतले. तिथे थांबायला हवं होतं. तो उठत नव्हता, उठण्यासारखा राहिलाही नव्हता. मी मारत राहिले. पाठीत, बरगड्यांवर, डोळ्यांवर धरलेल्या हातांवर. माझ्या तळहाताची कातडी लाकडाला चिकटली होती ते मला नंतर समजलं. त्याने जे म्हटलं ते त्याने पुन्हा म्हणू नये, कुणासमोरच म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेवटी धनश्रीने माझ्या कमरेला मिठी घातली.

“बाई, बास. बाई, आईकडं बघा.”

शालन दारापर्यंत सरपटत आली होती आणि तिथेच पडली होती. मी लाकूड टाकलं, तिचा पदर फाडून खांद्यावर बांधला आणि त्यावर माझा गुडघा दाबून धरला. वर्गातली पोरं आतून दार बडवत रडत होती. शेजारच्या रानातून तिघं-चौघं धावत आले. त्यांनी त्याला झेंड्याच्या खांबाला दोरीने बांधलं, आणि बांधल्यावर पुन्हा मारलं. मी त्यांना अडवलं नाही.

शालन वाचली. जिल्ह्याच्या रुग्णालयात सहा बाटल्या रक्त चढवावं लागलं. दोन बोटं गेली, खांदा कायमचा उतरला. तोही वाचला, त्याचा एक डोळा गेला. पेपरात बातमी आली, शिक्षिकेने वाचवले मायलेकींचे प्राण, आणि खाली माझा जुना पासपोर्टचा फोटो. बातमी देताना वार्ताहराने वेबसाईटचंही कौतुक केलं होतं. बिराजदार सरांनी स्वतः बादल्या ओतून स्वयंपाकखोली धुतली. पुढचे आठ दिवस पोरांनी खिचडीला तोंड लावलं नाही, नुसता भात द्यावा लागला.

चौथ्या दिवशी वॉर्डात जबाब घ्यायला फौजदार आले, चौगुले नावाचे. शालन उशीला टेकून बसली होती, धनश्री खाटेच्या कडेला, आणि मी स्टुलावर, सुजलेल्या तोंडाने. चौगुल्यांनी आधी आरोपीने काय सांगितलं ते सांगितलं. वर्षभर तो या दोघींना शोधत होता. सगळे पाहुणे-रावळे धुंडाळले, पण शालनच्या या लांबच्या मावशीचा त्याला पत्ताच नव्हता. मग नवा मोबाईल घेतला, आणि एक दिवस माल उतरवायला नंबर लागेना म्हणून बसल्या बसल्या त्याने स्वतःचंच नाव त्यात टाकून बघितलं, काय निघतंय ते. उत्तरेश्वर थिटे. अशा नावाची माणसं असून असून किती असणार. पहिलंच पान आमच्या शाळेचं निघालं. पोरीचा फोटो, त्याखाली स्वतःचं नाव, वर शाळेचा पत्ता, आणि निबंधात आई खिचडी करते हे वाक्य.

“तेव्हापासून रोज उघडायचा,” चौगुले म्हणाले. “मोबाईल तपासला आम्ही. दिवसातून तीस वेळा, पस्तीस वेळा. एका रविवारी तर पंचावन्न वेळा उघडलंय बघा. पोरीचा फोटो बघत बसायचा म्हणतो.”

तो रविवार मला माहीत होता. बासष्टातून पंचावन्न गेले की सात उरतात. आमचे नेहमीचे सात. ज्या गर्दीचे मी पेढे वाटले ती गर्दी हा एकटा माणूस होता.

चौगुल्यांनी पान उलटलं. “त्या वेबसाईटवर मुलीचं पूर्ण नाव टाकलं कुणी?”

शालनने माझ्याकडे पाहिलं. धनश्रीनेही पाहिलं. तुटलेल्या दाताची कड माझ्या जिभेला लागत होती आणि मी तिच्यावर जीभ फिरवत बसले. नोकरी जाईल असं मनात आलं. पुरस्काराची यादी त्याच आठवड्यात लागणार होती, तेही आलं. पेपरातली बातमी मी पर्समध्ये घडी करून ठेवली होती. फौजदार पेन उघडून थांबले होते.

“मी टाकलं,” धनश्री म्हणाली.

ते खोटं नव्हतं. टाईप तिनेच केलं होतं. मी स्वतःला तेच सांगितलं.

शालनने उजव्या हाताने तिच्या थोबाडीत मारली. सलाईनची सुई हातातून निघाली, चादरीवर रक्त उडालं, तरी तिने दुसरी मारली, तिसरी मारली.

“किती येळा सांगितलं हुतं तुला. किती येळा.”

धनश्रीने हात वर केले नाहीत, तोंड फिरवलं नाही. तिच्या नाकातून रक्त आलं. नर्स आणि फौजदारांनी मिळून शालनला मागे ओढलं. मी स्टुलावरून उठले आणि पोरीला जवळ घेतलं, आणि तिने मला घेऊ दिलं. फौजदार म्हणाले, जाऊ द्या, लेकरू आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

बिराजदार सरांना मात्र संशय आला होता. वेबसाईटवर माझ्या परवानगीशिवाय एक स्वल्पविरामही पडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? एका संध्याकाळी कुलूप लावताना ते हळूच म्हणाले, बाई, तो पुरस्काराचा अर्ज मागे घ्या. मी त्यांना ताडकन विचारलं की तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का. ते किल्ली खिशात टाकून निघून गेले. पुरस्कार मला मिळाला. तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि शाल हातांच्या पट्ट्यांवरून नीट घेता येईना म्हणून साहेबांनी ती स्वतः माझ्या खांद्यावर घातली.

त्याला पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. वेबसाईटवरून मी पोरांची आडनावं, बापांची नावं आणि चेहऱ्यांचे फोटो उतरवले. पाहुण्यांचा आकडाही काढून टाकला. बंद मात्र केली नाही, कारण ट्रकवरचे बाप फोन करून विचारत होते. नंतर कितीतरी वर्षं मी इतर शिक्षकांना वर्गाची वेबसाईट कशी करावी ते शिकवत फिरले, आणि फायदे विचारले की आजही न अडखळता सांगते. नावांचा नियम सगळ्यात आधी सांगते. कुणी कारण विचारलं तर हा प्रसंगही सांगते, फक्त त्यातली बाई दुसऱ्या कुठल्यातरी तालुक्यातली असते.

पण त्या पुरस्काराच्या आधी, शालनला घरी सोडलं त्या दिवशी, मी रुग्णालयात गेले होते. तिचा भाऊ जीप घेऊन आला होता. नवऱ्याला जामीन झालाच तर काय, म्हणून तो दोघींना लांब कुठेतरी नेणार होता. कुठे ते त्याने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. वॉर्डाच्या दाराशीच त्याने मला थांबवलं. पोरगी नीट जेवत नाही, म्हणाला. त्या दिवसापासून आई तिच्याशी एक शब्द बोललेली नाही. हिच्यापायी सगळं झालं, एवढंच शालन म्हणते आणि भिंतीकडे तोंड करते. तुम्ही बाई आहात, तुम्ही समजावून सांगा.

आत शालन खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. धनश्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला बोचक्यावर बसली होती. तीन आठवड्यांत तिच्या गालाची हाडं वर आली होती. तिची वेणी कुणी घातली नव्हती.

मी शालनसमोर उभी राहिले. घरून निघताना काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर कदाचित बोलले नसते.

“शालन, ते नाव मी लिहायला लावलं. ती नको म्हणत होती. आई नको म्हणते, असं मला म्हणाली होती. मी ऐकलं नाही.”

शालनने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती मारेल, आणि मारावं असंच मला वाटत होतं. तिने मला शिवीसुद्धा दिली नाही. ती पोरीकडे वळली.

“खरं का गं?”

धनश्रीने मान हलवली.

“मग म्या मारत हुते तवा गप का बसलीस? सांगायचं न्हाई?”

धनश्री बोचक्याची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. तिने वर पाहिलं नाही.

“थांबले हुते की मी जरा वेळ,” ती म्हणाली. “मला वाटलं, बाई सांगतील.”